सेकंडहँड गाडीत झुरळं निघाली तर? फवारा नको, नीट पद्धत आणि थोडा सब्र हवा

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अनेक घरांची पहिली गाडी सेकंडहँडच असते. घेताना आपण इंजिन बघतो, टायर बघतो, एमएच-०४ आहे की एमएच-०५ ते बघतो, कागदपत्रं तपासतो. पण सीट उचलून खाली कोणी बघत नाही. मग आठ-दहा दिवसांनी रात्री गाडीचा दरवाजा उघडला की डॅशबोर्डवरून काहीतरी सुर्रकन पळतं. मुलं ओरडतात, घरातल्या बायका गाडीत बसायला नाही म्हणतात. ज्याचं पोट त्याच गाडीच्या भाड्यावर आहे, त्याची तर झोपच उडते. प्रवाशाच्या पायावर एक झुरळ चढलं की त्याची तक्रार ठरलेली.

अशा वेळी बहुतेक जण दुकानातून फवाऱ्याचा डबा आणतात, काचा बंद करून गाडीत अर्धा डबा रिकामा करतात. दोन दिवस शांतता असते, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. असं का होतं आणि नेमकं काय करायचं, ते समजून घेऊ.

आधी झुरळ ओळखा

दीड-दोन इंच लांब, लालसर तपकिरी, मोठं झुरळ एखाद-दुसरं दिसलं तर ते बहुधा गटारातून किंवा पार्किंगमधून चढलेलं असतं. ते मारा, गाडी साफ करा, गटाराच्या झाकणाजवळ गाडी लावणं टाळा. तेवढ्यावर प्रश्न सहसा मिटतो.

खरी डोकेदुखी लहान झुरळांची. अर्धा इंच लांब, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. यांना जर्मन झुरळ म्हणतात, पण नावावर जाऊ नका. २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ही जात मूळची आपल्याच बाजूची, दक्षिण आशियातली. सुमारे १२०० वर्षांपूर्वी, मुस्लिम खिलाफतींच्या काळातल्या व्यापारी आणि लष्करी वाटांनी ती पश्चिमेकडे अरब मुलखात पोहोचली, आणि पुढे युरोपीय जहाजांबरोबर जगभर गेली. म्हणजे माणसाच्या सामानातून प्रवास करणं हा तिचा जुना धंदा आहे. गाडी तिच्यासाठी चालतं-फिरतं घरच.

या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत अंगालाच चिकटवून फिरते. एका पिशवीत ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्लू मोठं व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. फवाऱ्याने समोर आलेली मरतात. सांध्यात दडलेल्या माद्या आणि पिशवीतली अंडी वाचतात. तिसऱ्या आठवड्यात दिसतात ती हीच नवी पिल्लं.

गाडीत ती जगतात कशावर?

खाणं आणि पाणी, दोन्ही आपणच देतो. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून गाडीतच इफ्तार होतो, भजी आणि समोशाचा चुरा सीटच्या फटीत जातो. मुलांचे चिप्स, बिस्किटं, गावाहून आणलेल्या आंब्यांची खोकी, बाजारातल्या पुठ्ठ्याच्या पेट्या या सगळ्यातून खाणंही येतं आणि झुरळंही येतात. बकरी ईदला कुर्बानीचं गोश्त वाटायला नेताना पिशवी गळते, रक्त आणि चरबी डिक्कीच्या कार्पेटमध्ये मुरते. वरून पुसलं तरी खाली राहतंच.

खाण्यापेक्षाही पाणी महत्त्वाचं. पाणी मिळालं तर हे झुरळ उपाशीपोटी महिनाभर तग धरतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवड्यांत मरतं. गाडीत पाणी येतं कुठून? पहिली जागा म्हणजे एसी. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदली की ते ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी, कार्पेटखाली साचतं. दुसरी जागा दरवाजाची आणि डिक्कीची रबरं. ती फाटली की पावसाचं पाणी आत झिरपतं.

तिसरी गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही, ती म्हणजे पुराची गाडी. २००५ च्या २६ जुलैला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीचं पाणी चढलं, बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. अशा पुरात बुडालेल्या गाड्या वरून चकाचक करून पुढे विकल्या जातात. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, कार्पेटला कुबट वास दिसला तर समजा की या गाडीने पाणी पाहिलंय. आत ओल कायम राहणार आणि झुरळांना पाणी मिळतच राहणार.

पहिलं काम: गाडी उपाशी आणि कोरडी करा

एक सुट्टीचा दिवस द्या. सगळं सामान बाहेर काढा: मॅट, सीट कव्हर, दरवाजातल्या बाटल्या, डिक्कीतली खोकी, स्टेपनी. बहुतेक लहान गाड्यांची मागची सीट उचलता येते, जमत नसेल तर गॅरेजवाल्याकडून उचलून घ्या. पुढच्या सीटखालच्या वायरींना, विशेषतः पिवळ्या वायरींना आणि त्यांच्या जोडांना, हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असू शकतात.

मग व्हॅक्युम. वॉशिंग सेंटरवरचा मोठा व्हॅक्युम घेतला तर उत्तम. बारीक तोंडाची नळी लावून सीटच्या पट्ट्या, हँडब्रेकच्या बाजू, डॅशबोर्डच्या कप्प्यामागची जागा, डिक्कीच्या कडा असं सावकाश फिरवा. मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसले तर ती झुरळांची विष्ठा, म्हणजे वस्ती तिथेच आहे. ती जागा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. जमा झालेला कचरा पिशवीत घट्ट बांधून लगेच इमारतीबाहेरच्या कचराकुंडीत टाका.

डाग साबणाच्या पाण्याने धुवा, पण नंतर कार्पेट पूर्ण वाळू द्या. ओलं कार्पेट ठेवून दरवाजे लावले तर मेहनत वाया. एसीची नळी मेकॅनिककडून मोकळी करून घ्या. केबिन फिल्टर असेल तर तोही बदला. काढलेलं सामान झटकून, तपासूनच घरात न्या, नाहीतर गाडीतली झुरळं स्वयंपाकघरात जातील.

दुसरं काम: जेल

दुकानात इंजेक्शनसारख्या नळीत मिळणारं झुरळांचं जेल हा गाडीसाठी सगळ्यात चांगला उपाय. त्यात खाण्याचं आमिष आणि थोडं विष असतं, बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल. झुरळ ते खातं, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग बाकीची झुरळं, विशेषतः पिल्लं खातात, म्हणजे विष आतपर्यंत पोहोचतं. फवाऱ्याला हे जमत नाही.

मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके लावा. जागा अशा: डॅशबोर्डच्या कप्प्यामागे, सीटच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, मागच्या सीटखाली, दरवाजाच्या बिजागरीजवळ, डिक्कीच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या खड्ड्यात. जिथे काळे ठिपके दिसले तिथे जरा जास्त. मुलांचा हात पोहोचेल तिथे नको, आणि ऊन थेट पडेल तिथेही नको, कारण जेल सुकून जातं. जेल लावल्यावर त्या जागी फवारा मारू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

सीटखाली दोन-तीन चिकट सापळे ठेवा. ते मुख्यतः मोजण्यासाठी. दर आठवड्याला किती चिकटली ते बघा. दोन आठवड्यांनी जेल पुन्हा लावा. काही झुरळांना जेलमधली गोडी कडू लागते, ती आमिष खातच नाहीत. ठिपके जसेच्या तसे दिसत असतील तर दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या औषधाचं जेल आणा. सहा ते आठ आठवडे हा क्रम चालवा. सापळे लागोपाठ तीन आठवडे रिकामे राहिले की समजा सुटका झाली.

हे मात्र करू नका

– बंद गाडीत फवाऱ्याचे डबे रिकामे करू नका. त्यातला वायू पेट घेणारा असतो, एक ठिणगी पुरते. विषाचा थरही सीटवर राहतो.

– कोणी "नुवान" आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यातलं डायक्लोरव्हॉस केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलं आहे.

– धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड, गाडीत किंवा घरात कधीच ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून जीवघेणा वायू सुटतो.

– डांबर गोळ्यांनी झुरळं जात नाहीत. त्यांची वाफ लहान मुलांना बाधते, काही मुलांच्या रक्तातल्या पेशी त्याने फुटतात.

– तमालपत्र, कापूर, कडुनिंब यांनी फार तर झुरळं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात.

– गाडी मे महिन्याच्या उन्हात ठेवून भागत नाही. वर कितीही तापलं तरी झुरळं खालच्या थंड फटीत सरकतात.

पेस्ट कंट्रोलवाला बोलावला तर त्याचा परवाना बघा, औषधाचं नाव विचारा, बिल घ्या. चुकून मुलाच्या तोंडात जेल किंवा औषध गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचं पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते.

दम्याचा त्रास असेल तर दुर्लक्ष नको

झुरळाची विष्ठा आणि टाकलेली कात यांची भुकटी होते आणि एसी ती तोंडावर फेकतो. अमेरिकेतल्या आठ शहरी भागांतल्या दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत ती भुकटी जास्त होती, त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून जास्त आली. गाडीत बसलं की मुलाला शिंका, खोकला, धाप सुरू होत असेल तर डॉक्टरांना झुरळांचंही सांगा. झुरळं मेल्यावरही एकदा पूर्ण व्हॅक्युम करा, कारण भुकटी मागे राहते.

जानमाज आणि पाकीचा मसला

गाडीत जानमाज आणि टोपी अनेक जण ठेवतात. झुरळ फिरलं म्हणून घाबरायचं कारण नाही. ज्या जीवाला वाहतं रक्त नाही तो पाण्यात पडून मेला तरी हनफी मतानुसार पाणी नापाक होत नाही. शाफई मतातही सवलत आहे, पण तपशील वेगळा आहे. तेव्हा कोकणी घरांनी आपल्या मशिदीच्या इमामांना विचारून घ्यावं. स्वच्छतेसाठी मात्र जानमाज धुऊन चेनच्या पिशवीत ठेवा.

विकताना लपवू नका

कंटाळून गाडी गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा मोह होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओलं धान्य खाली दडवणाऱ्याला त्यांनी खडसावलं, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीचं वेगळं नाही. ऐब माहीत असूनही सांगितला नाही तर तो धोका आहे, आणि ऐब लपवलेला निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीयतने घेणाऱ्याला दिला आहे. डीलरने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

म्हणून घेणाऱ्याने सीट उचलून बघावं, डिक्कीत टॉर्च मारावा, कार्पेटखाली हात घालावा. विकणाऱ्याने आधी आठ आठवडे मेहनत करावी, किंवा खरं सांगून चार पैसे कमी घ्यावेत. त्या गाडीत उद्या दुसऱ्या कुणाची तरी मुलं बसणार आहेत.