दोन चिंचा आणि त्यांचीं नांवें

मालवणांत आमसुलाचा मान मोठा खरा. तरी चिंचेचा गोळा ज्या घरीं नाहीं असें घर विरळाच. ही आपली घरची चिंच मूळची आफ्रिकेची, असें सांगितल्यास विद्यार्थ्यांस नवल वाटेल. कारण तिचें शास्त्रीय नांव 'टॅमॅरिंडस इंडिका' असें आहे, आणि 'इंडिका' म्हणजे हिंदुस्थानची!

मग हें नांव पडलें कसें? चिंच प्राचीन काळींच आपल्या देशांत येऊन रुजली. अरबांना ती येथूनच मिळे. तिचा तपकिरी, चिकट गर खजुरासारखा दिसतो. म्हणून त्यांनीं तिला 'तमर हिंदी', म्हणजे 'हिंदी खजूर' म्हटलें. त्याचेंच लॅटिन रूप 'टॅमॅरिंडस'. त्याला १७५३ सालीं स्वीडनमधील लिनियस या शास्त्रज्ञानें 'इंडिका' हें विशेषण जोडलें. अशा रीतीनें आफ्रिकेच्या झाडाच्या नांवांत हिंदुस्थान दोनदां आला.

दुसरी गोरखचिंच. हिचे प्रचंड बुंध्याचे वृक्ष वसईच्या किल्ल्यांत पाहावयास मिळतात. हीही आफ्रिकेचीच. फळाचा गर आंबट म्हणून आपण हिला चिंच म्हटलें. वस्तुतः हिचें नातें सांवरीशीं आहे. शास्त्रांत ही 'आडान्सोनिया डिजिटाटा'. लॅटिनमध्यें 'डिजिटस' म्हणजे बोट. तळहातास बोटें असावींत तशा हिच्या एका देंठावर पांच ते सात पर्णिका असतात. पहिला शब्द मिशेल आडान्सन या फ्रेंच संशोधकावरून आला. त्यानें १७४९ ते १७५३ पर्यंत सेनेगलमध्यें राहून या वृक्षाचा अभ्यास केला, आणि त्याच्या गौरवार्थ लिनियसनें १७५९ सालीं हें नांव प्रसिद्ध केलें. परंतु स्वतः आडान्सननें १७६३ सालच्या आपल्या ग्रंथांत तो मान बाजूस ठेवून 'बाओबाब' हेंच जुनें नांव राखिलें.

दिशाभूल करणारें नांव बदलावें, असें कोणी म्हणेल. पण शास्त्राचा नियम असा कीं, रीतसर प्रसिद्ध झालेलें नांव केवळ अर्थानें अयोग्य म्हणून टाकूं नये. नाहींतर निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांस एकमेकांचें बोलणें कळावें कसें?

विद्यार्थिमित्रहो, नांव ऐकतांच माणसाचें गांव, जात व योग्यता ठरविण्याची खोड आपल्यांत आहे. नांव देणाऱ्यानें झाड कोठें पाहिलें, एवढेंच नांवावरून कळतें. झाड खरें कोठलें, हें कळण्यास मुळाशीं जावें लागतें. माणसाविषयीं मत बनवितांना आपण तितके तरी श्रम घ्यावे.