वेळासच्या पुळणीवर

कयाधूच्या पात्रातली वाळू पाहत मोठं झालेल्या आम्हा हिंगोलीकरांना समुद्राची ओढ जरा जास्तच. मार्चमध्ये घरच्या पोरांना घेऊन वेळासला गेलो ते त्याच ओढीनं. बागमांडल्याला फेरीबोटीत बसायचं, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं, बाणकोटच्या किल्ल्यावरून पुढं गेलं की रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. नाना फडणविसांचं मूळ गाव. आता मात्र लोक येतात ते कासवांसाठी.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्रीची वर येते. भरतीच्या रेषेपलीकडं दीडेक फूट खोल, सुरईसारखा खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं थोपटते आणि निघून जाते. मागं उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारी गावातली माणसं, तोच माग शोधत किनारा पायी तुडवतात. अंडी काढताना उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, तेवढ्याच खोल खड्ड्यात, जाळीच्या कुंपणाआड ठेवायची. वसमतकडचा शेतकरी हळदीचं बेणं डोळा वर ठेवून लावतो, तसाच हा जपणारा हात. मग तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं कधी वर येतील, याचा अंदाज त्या नोंदीवरूनच येतो.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं इथं काम सुरू केलं. तोवर अंडी माणसं उकरून नेत, राहिलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जात. संस्थेनं गावातल्याच माणसांना राखणीला घेतलं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे घरोघरी उतरू लागले आणि जिवंत पिल्लावर गावाची चूल पेटू लागली.

पण पाहुणे म्हणजे पावलं आली. सकाळी कुंपणातल्या खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली उचलली तेव्हा तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांवर चढत होती. ती वाळूवर सोडली, आम्ही पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडं उभे. लाटेची ओल दिसताच सगळी निघाली. एक मात्र कुणाच्या तरी टाचेच्या खळग्यात पडलं. कड चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. बाकीची पाण्यात गेली तरी त्याची खटपट चालूच. माणसाच्या एका पावलाची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रात्रीचे दिवे तर त्याहून घातक. पिल्लं उजेडाकडं धावतात आणि किनाऱ्यावर बल्ब असला की समुद्राकडं पाठ फिरवतात.

इथून गेलेली कासवं कुठं जातात, याचा शोध आता उपग्रहानं घेतला जातो. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठाननं वेळासच्या एका मादीच्या पाठीवर यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच, म्हणून नाव प्रथमा. ती गुजरातकडं गेली. त्याहून नवल २०२५ मधलं. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायात धातूची पट्टी होती, २०२१ मध्ये ओडिशात लावलेली! पूर्व किनाऱ्यावरून सुमारे ३,५०० किलोमीटरचा वळसा घालून ती कोकणात आली होती. हे ऐकलं आणि मला आमची कयाधू आठवली. तिचं पाणी पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरातच तर जातं. गोदावरीच्या मुखाशीही हीच कासवं अंडी घालतात. आपण नदीत टाकलेलं प्लास्टिक कुणाच्या वाटेत जातं, हे मी पोरांना तिथंच सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा टोपल्या उघडायच्या होत्या. कासवमित्राला विचारून धाकटा दोरीपलीकडं गेला, गुडघ्यांवर बसला आणि पिल्लांच्या वाटेवरची पावलं तळव्यानं एकेक करून बुजवू लागला.