अठरा दिवसांमागची तीस वर्षे

भारताने क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की कोल्हापूरकर आपसूक शिवाजी चौकात जमतात. आनंद असो वा आंदोलन, शहराची पावले इकडेच वळतात. या गर्दीच्या मधोमध शिवछत्रपतींचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. १३ मे १९४५ रोजी त्याचे अनावरण झाले. तो बाबूराव पेंटरांनी अवघ्या अठरा दिवसांत घडवला, असे कोल्हापुरात आजही कौतुकाने सांगतात. कौतुक रास्तच आहे. पण ते अठरा दिवसांपाशीच थांबते, आणि त्यामुळे बाबूरावांवर थोडा अन्यायच होतो.

आधी या जागेचा इतिहास पाहू. सर लेस्ली विल्सन १९२३ ते १९२८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुण्यात विनायकराव करमरकरांनी घडवलेल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १६ जून १९२८ रोजी या विल्सनसाहेबांच्याच हस्ते झाले होते. पुढे कोल्हापुरात, शहराच्या ऐन मध्यात, याच जागी खुद्द त्यांचाच पुतळा उभा राहिला. १९४२ची ‘छोडो भारत’ चळवळ पेटली तेव्हा तो लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्याच्यावर डांबर ओतले. भर वस्तीत, पोलिसांच्या पहाऱ्यात दोन बायकांनी हे करणे म्हणजे काय, याचा अंदाज आज घराच्या खुर्चीत बसून येणार नाही. पुढच्या वर्षी क्रांतिकारक तरुणांनी घण घालून तो पुतळा फोडलाच. चौथरा रिकामा झाला. तिथे महाराजांचा पुतळा बसवण्यासाठी चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला आणि काम बाबूरावांकडे आले.

भालजींनी दुसऱ्या कुणाचा विचार केला असेल, असे मला वाटत नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातलाच. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंतावरचे कोरीवकाम असे सगळे करणारे कसबी कारागीर. कलाशाळेची पायरी न चढता बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव चित्रकार झाले, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. सिनेमा काढायचे दोघांनी ठरवले होते, पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांच्या साथीने त्यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२०च्या ‘सैरंध्री’त कीचकाचे मुंडके धडावेगळे होते तो प्रसंग त्यांनी इतका हुबेहूब वठवला, की प्रेक्षक हादरले आणि अखेर तो कापावा लागला. ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले, तेही १९२३ साली. सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यावरचा त्यांचा ‘सावकारी पाश’ हा चित्रपट आजही नावाजला जातो. दामले, फत्तेलाल, शांताराम या चित्रपटकारांच्या पिढीचे ते गुरू.

हे सगळे एका पुतळ्याच्या लेखात सांगायचे कारण आहे. ब्राँझला रंगाचा आधार नसतो. चेहरा दिसतो तो उजेड आणि सावलीमुळे. कपाळाचा उतार, गालाचा उंचवटा, दाढीच्या कडेची खोलगट रेघ यांवर सकाळचा उजेड कसा पडेल आणि संध्याकाळचा कसा, हे शिल्पकाराला मातीत हात घालण्यापूर्वीच दिसावे लागते. पडदे रंगवताना आणि कॅमेऱ्यामागे बाबूरावांनी निम्मे आयुष्य हाच अभ्यास केला होता. शिवकालातले पोशाख आणि शस्त्रे तर ‘सिंहगड’पासूनच त्यांच्या परिचयाची होती.

ओतकामाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे नजर कितीही तयार असली तरी भागत नाही. मेणाच्या पद्धतीने ब्राँझचा पुतळा करायचा तर आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचे शिल्प उभे करायचे. त्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. साच्याच्या आत मेणाचा सारखा थर द्यायचा आणि मधल्या पोकळीत गाभा भरायचा. मग प्लॅस्टर काढून मेणाभोवती भाजता येणारा साचा चढवायचा आणि त्यात मेण वितळून वाहून जाण्याच्या, धातू आत शिरण्याच्या आणि कोंडलेली हवा निघून जाण्याच्या वाटा ठेवायच्या. यातली एखादी चुकली तर हवा आत अडकते आणि नेमके नाक किंवा ओठ अर्धवट ओतले जातात. साचा भाजताना ओल राहिली तर तापलेला रस आत पडताच त्या ओलीची वाफ होते आणि साचा फुटतो. तांबे आणि कथील यांचा तो रस हजार अंशांच्या पुढे तापलेला असतो. तो मुशीतून एका धारेने, मध्ये न थांबता ओतावा लागतो. थंड झाल्यावर साचा फोडायचा, जादा नळ्या कापायच्या, सांधे तासायचे, कानशीने कडा घासायच्या आणि शेवटी रासायनिक प्रक्रियेने धातूला रंगछटा आणायची.

अठरा दिवसांत माती, साचा, भाजणी, ओतकाम आणि तासणी आटोपायची म्हणजे रात्रीचा दिवस करावा लागतो. त्यातही साचा वाळणे आणि भाजणे यांना माणसाच्या घाईशी देणेघेणे नसते. एका हाताने हे होत नाही. एक काम संपण्याआधी पुढच्या कामाची तयारी करून ठेवणारी, न सांगता समजणारी माणसे हाताशी लागतात. पेंटरांच्या कारखान्यात सुतारापासून लोहारापर्यंत सगळे एकत्र राबत आले होते. कॅमेऱ्याचे दातेरी चाकही तिथेच कानशीने घासून बसवायचे, ही तिथली रीत. माझ्या मते पुतळ्याचे खरे श्रेय या रीतीला आहे. काळही अवघड होता. मलाया १९४२ मध्येच जपानने घेतल्यामुळे कथिलाची जगभर चणचण होती, आणि युद्धाच्या गरजेपुढे तांबेही सहज मिळत नव्हते.

पुतळ्यानंतरही बाबूरावांचा हात थांबला नाही. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’साठी ते पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. धातूचे काम पुढे त्यांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री यांनी चालवले. कावळा नाक्यावरची महाराणी ताराबाईंची अश्वारूढ मूर्ती रवींद्रांची. तिथे घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. घोडा आणि स्वार यांचा सगळा भार त्या दोन पायांवर तोलायचा म्हणजे वडिलांच्या अर्धपुतळ्याला कधी पडला नव्हता असा प्रश्न होता, आणि तो मुलाने कोल्हापुरातच सोडवला.