साडेतीन मिलिमीटरचा उपचार

गुडघ्यात झालेले पाणी सुईने काढले तरी पुन्हापुन्हा भरते, तेव्हा दोष बहुधा सांध्याच्या आतल्या अस्तरात असतो. आमवातात हे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, सुजून जाड होते. औषधांनी बाकीचे सांधे शांत झाले तरी एखादा गुडघा धुमसतच राहतो. अशा हट्टी सांध्यात किरणोत्सारी द्रव्य टोचण्याचा प्रयोग फेलिंगर आणि श्मिड यांनी 1952 साली केला. आज गुडघ्यासाठी मुख्यतः यिट्रियम-90 वापरतात. त्याचे सूक्ष्म कण अस्तरातल्या पेशी गिळतात, आणि बीटा किरण सरासरी साडेतीन, फार तर अकरा मिलिमीटर आत जाऊन सुजलेले अस्तर करपवतात. दर 64 तासांनी किरणोत्सार निम्मा होतो. कण जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे निसटू नयेत म्हणून दोन-तीन दिवस गुडघा हलवू देत नाहीत. मारा इतका लांबचा असल्याने बोटांच्या लहान सांध्यांना यिट्रियम चालत नाही, तिथे एर्बियम-169 लागते. आणि कूर्चा पार झिजलेल्या गुडघ्याला तर या उपचारातून फारसे काही मिळत नाही, कारण तिथे मूळ दुखणे अस्तराचे नसतेच.

तरीही आमवातासाठी याची भलामण करताना हात आखडताच घ्यावा लागतो. नेदरलँड्समधल्या 2005 च्या दुहेरी अंध चाचणीत स्टेरॉइडसोबत दिलेले यिट्रियम नुसत्या स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले नाही. हा निष्कर्ष बाजूला सारता येत नाही, आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन स्वस्तही आहे. माझ्या मते या उपचाराची खरी जागा हिमोफिलियाच्या गुडघ्यात आहे. तिथे रक्तस्रावाने अस्तर सुजते, सुजलेले अस्तर पुन्हा रक्त सांडते, आणि शस्त्रक्रियेने ते काढायचे तर रक्त गोठवणाऱ्या महागड्या फॅक्टरचा मोठा साठा हाताशी लागतो. एका इंजेक्शनने हे चक्र मंदावते, रक्तस्राव कमी होतात, असे अनेक रुग्णमालिकांत दिसले आहे. या नोंदी दुहेरी अंध चाचणीच्या तोलाच्या नाहीत हे खरे. पण फॅक्टर परवडत नाही अशा घरातल्या मुलाला दुसरा मार्ग कोणता, हेही विचारायला हवे. किरणांची भीती अनाठायी नाही. याच उपचारासाठी फॉस्फरस-32 दिलेल्या दोन मुलांत ल्युकेमिया आढळल्याची नोंद आहे. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसला, तरी लहान वयात मात्रा आणि निवड दोन्ही काटेकोर हवीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हाडांच्याच खनिजावर, हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या कणांवर, ल्युटेशियम-177 सारखी समस्थानिके बसवून सांध्यांसाठी द्रव्ये विकसित केली आहेत. आयातीवर विसंबायचे कारण त्यामुळे कमी होते. ती हिमोफिलियाच्या उपचारकेंद्रांपर्यंत नेमाने पोहोचावीत, आणि प्रत्येक रुग्णाच्या रक्तस्रावांची मोजणी उपचाराआधीपासून नंतर काही वर्षांपर्यंत ठेवली जावी.