९४ वर अडलेला आकडा

एका शाळेने आपली इंटरनेटची जोडणी वाढवून घेतली. आधी ती दर सेकंदाला १०० मेगाबिटची होती, ती ३०० ची केली. संगणक-खोलीत भिंतीवरच्या सॉकेटमधून लॅपटॉपला केबल जोडून वेग मोजला, तर ९४! दुसऱ्या दिवशी ९४, रात्रीही ९४. त्याच खोलीत एका बाईंच्या मोबाइलला वाय-फायवर २०० च्या वर वेग मिळत होता. कंपनीकडे तक्रार गेली. लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यावा, असेही ठरत आले होते. शाळेच्या पैशांचा प्रश्न होता, म्हणून आम्ही म्हटले, आधी त्या आकड्याकडे नीट पाहू.

टाकीत पाणी कमी असेल तर नळाची धार दिवसभरात कमीजास्त होते. तोटीच लहान असेल तर ती सदा तेवढीच राहते. इंटरनेटवर गर्दी असती तर आकडा संध्याकाळी खाली, पहाटे वर गेला असता. हा तर हलतच नव्हता. म्हणजे वाटेत कुठेतरी लहान तोटी होती.

पण ९४ च का? माहिती केबलमधून गठ्ठ्यांनी जाते. एका गठ्ठ्यात आपल्या कामाचे जास्तीत जास्त १४६० बाइट असतात. पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन गठ्ठ्यांमधली मोकळी जागा धरून तो तारेवर १५३८ बाइटांची जागा घेतो. भागाकार करून पाहा : ०.९४९. काही संगणक गठ्ठ्यात वेळेची नोंदही घालतात, मग ०.९४१ उरतात. म्हणजे लॅपटॉपची केबल १०० मेगाबिटवर चालली होती आणि तेवढ्यात मिळायचा तो पूर्ण वेग मिळतच होता! विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ पाहिला. तिथे १००/१०० असे लिहिलेले होते. लॅपटॉप आणि राउटर दोघेही १००० चे होते.

याचे उत्तर केबलच्या पोटात आहे. आत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या. ही पिळाची युक्ती टेलिफोनच्या काळातली; ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले. बाहेरचा विजेचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला दोन तारांतला फरक घेतला की तो वजा होतो.

१०० मेगाबिटला यांतल्या दोनच जोड्या लागतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. १९९९ साली प्रमाणित झालेली १००० मेगाबिटची पद्धत चारही जोड्या वापरते. प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी! समोरचा बोलत असताना आपणही बोलायचे आणि ऐकू आलेल्यातून आपला आवाज वजा करायचा, असे ते गणित आहे.

आता गंमत पाहा. केबल जोडताच दोन्ही टोके आधी ‘तुला किती वेग झेपतो?’ असे एकमेकांना विचारतात. हे बोलणे नारिंगी आणि हिरव्या या दोनच जोड्यांवर होते. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी ‘१०००’ असे ठरते. मग प्रत्यक्ष सुरुवात फसते, आणि अनेक यंत्रे दोन-चार प्रयत्नांनंतर मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागलेलाच असतो, इंटरनेट चालते, तक्रारीचा संदेश येत नाही.

आम्ही लॅपटॉपपाशी दुसरी केबल लावली. फरक नाही. तीच केबल घेऊन लॅपटॉप थेट राउटरला जोडला, तर १०००! म्हणजे लॅपटॉप, राउटर, केबल तिन्ही निर्दोष, दोष भिंतीत. सॉकेट उघडले तर तपकिरी जोडीतली एक तार खाचेत बसलीच नव्हती. वायरमनने ती दाबून बसवली आणि वेग २९० च्या आसपास गेला. नव्या लॅपटॉपचा विषय तिथेच संपला. कंपनीकडची तक्रारही मागे घ्यावी लागली.

आकडा ३७ च्या आसपास अडला असेल, तर तो मेगाबाइट नाही ना, हे पाहा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३०० मेगाबिट म्हणजे ३७.५ मेगाबाइट. केबलला जागा नसलेल्या लॅपटॉपला यूएसबीचा जोड लावतात. काही स्वस्त जोड मुळातच १०० चे असतात. आणि कुणी सेटिंगमध्ये एकाच टोकाचा वेग हाताने ठरवून टाकला असेल, तर तो पुन्हा ‘ऑटो’वर ठेवा. नाहीतर एक टोक दोन्हीकडून बोलणे चालते असे मानते, दुसरे आळीपाळीने बोलते, आणि वेग १०० वरूनही पार कोसळतो.

निकामी केबल टाकून देऊ नका. तिचे वीतभर वरचे आवरण काढून चारही जोड्यांचे १० सेंटिमीटरमधले पीळ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. चार रंगांचे आकडे सहसा वेगवेगळे येतात. सारखे असते तर शेजारच्या जोडीचा आवाज वजा झाला असता का, हे त्यांनाच विचारा.