पिकअपमधली पिशवी : अडचणीच्या आधी करायचा विचार

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज पाचोडच्या मोसंबी बाजारात पिकअप चालवणाऱ्यांसमोर पान्हे-पकडीवर बोलायला उभा आहे. काहींना हसू येतंय, ते दिसतंय मला. येऊ द्या. पण हा विषय मला पुस्तकानं दिलेला नाही, रस्त्यानं दिलाय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. पुतण्याच्या पिकअपमध्ये मोसंबीचे क्रेट भरून आम्ही आडूळकडून पाचोडला येत होतो. मागचं चाक बसलं. गाडी कडेला घेतली. मी विचारलं, "पान्हा आहे ना?" पुतण्या म्हणाला, "हाय ना काका, पण मोसंबीखाली हाय." निम्मे क्रेट उतरवले, पान्हा काढला. जॅक लावला, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच काळ्या मातीत खाली जायला लागला. शेवटी एका ट्रकवाल्यानं फळी दिली. स्टेपनी चढवली, तर तिच्यात हवा निम्मीच. कसंबसं निघालो.

खरी चूक पुढं आहे. गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला दगड लावला होता. तो रस्त्यावरच राहिला. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आठवलं, वळून परत आलो, तोवर एक दुचाकीवाला त्यावरून पडला होता. गुडघा फुटला, जीव वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्टिन हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेला. १९२७ साली आलेल्या त्याच्या मुख्य ग्रंथात हातोडीचं उदाहरण आहे. काम नीट चालू असतं तेव्हा सुताराचं लक्ष हातोडीकडे नसतं, कामाकडे असतं. हातोडी 'दिसते' ती काम अडल्यावर. आणि काम तीन तऱ्हांनी अडतं : वस्तू मोडलेली असते, वस्तू जागेवर नसते, किंवा भलतीच वस्तू वाटेत आडवी येते. मी वर्गात हे कितीतरी वर्षं शिकवलं. समजलं मात्र त्या संध्याकाळी. हवा नसलेली स्टेपनी म्हणजे पहिली तऱ्हा. नसलेली फळी म्हणजे दुसरी. पान्ह्यावर रचलेली मोसंबी म्हणजे तिसरी.

म्हणून पिशवीच्या तीन कसोट्या : आतली वस्तू चालू पाहिजे, गरजेची वस्तू आत पाहिजे, आणि पिशवी हाताशी पाहिजे. तिची जागा सीटच्या मागं, हौद्यात नाही. मालाखाली गेलेली पिशवी नसल्यातच जमा.

आता पिशवीत काय? वस्तूंची यादी पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा : आधी माणूस, मग गाडी, मग माल.

माणसासाठी पहिली वस्तू म्हणजे लाल परावर्तक त्रिकोण. साधा हिशेब करा. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर मागच्याला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. धुळे-सोलापूर महामार्गावर किमान १०० मीटर मागं जा, म्हणजे सव्वाशे-दीडशे पावलं. त्याच्याबरोबर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, कपाळावर बांधायची बॅटरी म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, जाड हातमोजे आणि प्रथमोपचाराची डबी. एका कागदावर नंबर लिहून ठेवा : ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्ग. मोबाइलमध्ये आहेत म्हणाल, पण मोबाइलही नेमका त्याच वेळी बंद पडतो.

गाडीसाठी आधी चाक. जॅक, चाकाचा पान्हा, पान्ह्यावर चढेल असा दोन फुटी लोखंडी पाइप आणि फळी. पाइप कशाला? दांडा दुप्पट लांब झाला की ताकद निम्मी पुरते. फळी कशाला? जॅकचा तळ साधारण १० सेंटिमीटर रुंद, १० लांब. त्याखाली ३० बाय ३० ची जाड, मजबूत फळी ठेवली की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. मराठवाड्याच्या ओल्या मातीत फळीशिवाय जॅक म्हणजे मातीत घातलेला खुंटा. नट आधी ढिले करायचे, गाडी मग उचलायची. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही. नट आवळताना समोरासमोरचे आवळा, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा बघा. पंक्चरच्या दोऱ्यांचं किट फक्त ट्यूबलेस टायरला चालतं, तेही जमिनीला टेकणाऱ्या भागात. बाजूला फाटलं असेल तर नाही. ट्यूबवालं टायर असेल तर ते पैसे हवा मोजायच्या गेजवर घाला.

मग वीज. जास्तीचे फ्यूज ठेवा. फ्यूजवर आकडा असतो, त्याच आकड्याचा बसवा. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी लावू नका. फ्यूज स्वतः जळून वायरिंग वाचवतो, चंदेरी वायरिंग जाळते. जाड जंपर केबल ठेवा. लाल वायर आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या अधिकला. काळी दुसऱ्या गाडीच्या उणे टोकाला, आणि शेवटचा चिमटा आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटी ठिणगी उडते. आणखी एक : मोठ्या ट्रकची वीज सहसा २४ व्होल्टची असते, आपली १२. मदतीला आलेल्या ट्रकवरून जोडणी करू नका.

राहिलेलं थोडक्यात : पक्कड, दोन्ही तोंडांचा पेचकस, तुमच्या गाडीला लागणारे तीन-चार पान्हे, चिकटपट्टी, बांधायची तार, दोन होज क्लिप, ओढायचा पट्टा. पिशवीशेजारी पाच लिटर पाणी. इंजिन तापलं तर झाकण लगेच उघडू नका, गार होऊ द्या. मालासाठी ताडपत्रीचा तुकडा आणि दोरी, बस्स.

कोणी म्हणेल, सर, एवढंच? ब्रेक गेला, स्टिअरिंग बिघडलं तर? तर काही करायचं नाही, मिस्त्रीला बोलवायचं. पिशवी लहान ठेवण्याचा अर्थच तो. मी काय दुरुस्त करणार आणि काय नाही, हे घरी, शांत डोक्यानं ठरवलेलं असतं. अंधारात, पावसात, माल नासण्याच्या भीतीनं माणूस नीट विचार करू शकत नाही. पिशवी म्हणजे आधी करून ठेवलेला विचार. मात्र तो हातात उतरला पाहिजे. या रविवारी दारात गाडी उभी करा आणि एक चाक स्वतः काढून बसवा. काय मोडलंय, काय नाही, काय आडवं येतंय, ते तिथंच कळेल.

आणि शेवटची वस्तू : लाकडाचे दोन तिरके ठोकळे, चाकाला लावायला, एका दोरीनं पिशवीला बांधलेले. दोरी अशासाठी की पिशवी उचलली की ठोकळे मागोमाग येतात. पुतण्याच्या गाडीत आता तेच आहेत. दगड आम्ही लावत नाही.

विचारा आता, काय विचारायचं ते.