विश्लेषण : तालवाद्यावर गाण्याची चाल वाजवता येते का? पखवाज, तबला आणि ड्रममध्ये सूर येतो कुठून?

देवगड तालुक्यातील मिठबावपासून मालवणपर्यंतच्या किनारपट्टीवर गणेशोत्सव म्हणजे भजनांचे दिवस. बुवांनी पेटीवर पट्टी धरली, की पखवाजवादक हातोडी घेऊन गट्टे ठोकू लागतो. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात तिथे एक तालवाद्य सुरात लावले जात असते. पखवाज अर्धा स्वर जरी उतरला, तरी डबलबारीत जाणत्या श्रोत्यांच्या ते लगेच ध्यानात येते. पण ठेका धरणाऱ्या वाद्याला सूर कशासाठी? आणि सूर लावता येतो, तर त्यावर गाण्याची चालही वाजवता येईल का?

साध्या ढोलाला ठरावीक सूर का नसतो?

तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. हे सगळे पूर्ण पटीत असल्याने कानाला एकच स्पष्ट सूर ऐकू येतो. ताणलेल्या गोल चामड्याचे तसे नाही. त्याचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटीत येतात. त्यांचा मेळ बसत नाही. म्हणून ढोलाचा आवाज घुमतो, पण तो नेमका कोणता स्वर आहे हे सांगणे अवघड जाते.

पखवाज-तबल्यात वेगळे काय आहे?

शाई! पुडीच्या मधोमध दिसणारा काळा गोल ही शोभा नव्हे. लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवली जाते. मध्यभागी वाढलेल्या या वजनामुळे चामड्याची कंपने बदलतात आणि उपस्वर जवळजवळ पूर्ण पटीत येऊन बसतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याची नोंद केली. १९३४ च्या सविस्तर निबंधात त्यांनी दाखवले, की अशा पुडीची पहिली नऊ प्रकारची कंपने मिळून पाच सुसंवादी स्वर तयार होतात. वाद्य घडवणाऱ्या कारागिरांनी मात्र हे गणित हाताने आणि कानाने कितीतरी आधी सोडवले होते.

मग एकाच तबल्यावर अख्खे गाणे का वाजत नाही?

अडचण ताणाची आहे. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अर्धा स्वर चढवायचा तर ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो. ‘सा’वरून ‘प’वर जायचे तर सव्वादोन पट आणि वरच्या ‘सा’पर्यंत पोहोचायचे तर थेट चौपट! इतका ताण गाता गाता बदलणे शक्य नाही आणि चामडेही तो सोसणार नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे तबला तरंग. रागाच्या एकेका स्वरात लावलेले दहा-पंधरा दायाँ अर्धवर्तुळात मांडायचे आणि जलतरंगासारखी त्यावर चाल वाजवायची. कोलकात्याचे पंडित कमलेश मैत्र यांनी या प्रकाराला स्वतंत्र मैफलीचे स्थान दिले. दुसरा उपाय मनगटात आहे. बायाँवर मनगटाचा दाब देत हात सरकवला, की आवाज मींड घेतल्यासारखा चढतो-उतरतो. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या एकल वादनात बायाँ अनेकदा गाऊ लागायचा, तो यामुळेच. गोव्याच्या घुमटाची रीत निराळी. मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर चामडे असते, तर दुसऱ्या उघड्या तोंडावर तळहात ठेवून-काढून वादक आवाज बदलतो. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

ड्रमसेटवर हे कसे साधतात?

ड्रमला शाई नसते, त्यामुळे सूर धूसर राहतो. तरी लहान-मोठे ड्रम वेगवेगळ्या स्वरांत लावता येतात. अमेरिकी वादक मॅक्स रोच यांनी १९६६ च्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’ या अल्बममध्ये फक्त ड्रमवर वाजवलेल्या स्वतंत्र रचना सादर केल्या. टेरी बोझिओ स्वरांत लावलेल्या ड्रमचा प्रचंड ताफाच मांडतात. आरी होएनिग एका हाताने किंवा कोपराने चामडे दाबून ताण वाढवतात आणि ओळखीची चाल काढतात. म्हणजे तत्त्व बायाँचेच! शोभा गुर्टू यांचे पुत्र, मुंबईत वाढलेले त्रिलोक गुर्टू तर झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवतात. बुडताना तिचा स्वर वाकतो.

कोकणात खरी परीक्षा कशाची?

ओलाव्याची. चामडे दमट हवेतला ओलावा शोषते, सैल पडते आणि सूर उतरतो. भाद्रपदात किनाऱ्यावर हा त्रास हमखास. म्हणून बारी सुरू होण्याआधीच नव्हे, तर मध्येही गट्ट्यांवर हातोडी चालते. डाव्या पुडीवरच्या ओल्या कणकेचाही अंदाज ठेवावा लागतो. ती वजन वाढवून आवाज खर्जात नेते, पण सुकली की वजन घटते आणि आवाज पुन्हा चढू लागतो.

ऑक्टोपॅडला यातले काहीच सोसावे लागत नाही. बटण दाबले की हवा तो स्वर हजर. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण तिथे स्वर आधीच भरून ठेवलेला असतो. पखवाजावर तो वादकाला दर वेळी नव्याने शोधावा लागतो. ही जाण पुस्तकातून येत नाही. ती येते शाई भरणाऱ्या कारागिराच्या हातातून आणि बुवांची पट्टी ऐकून गट्टा नेमका किती ठोकायचा हे ओळखणाऱ्या कानातून. हे दोन्ही टिकले, तरच पखवाज ठेक्याबरोबर सूरही देत राहील.